फोन त्यांच्याच हातात राहू द्या : घरातल्या मोठ्यांना मोबाइल शिकवताना

आई, सासरे, आजी यांच्यापैकी कुणी फोन पुढे करून "बघ गं, काय झालंय याला" म्हणालं की आपण फोन आपल्या हातात घेतो. चार ठिकाणी बोट लावतो, "झालं" म्हणतो आणि परत देतो. काम होतं, पण त्यांना काहीच कळत नाही, कारण बोटं आपली चाललेली असतात. सांगलीत विश्रामबागेत दुपारच्या वेळी मी आसपासच्या मावश्यांना आणि निवृत्त मंडळींना फोन शिकवते. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. शिकवणाऱ्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. सांगायचं ते तोंडानं, दाखवायचं ते आपल्या स्वतःच्या फोनवर. त्यांच्या स्क्रीनला आपलं बोट लागता कामा नये.

दुसरं मत क्रमाबद्दलचं आहे. पुण्या-मुंबईतल्या नातवंडांचे फोटो बघायचे असतात म्हणून बहुतेक घरांत शिकवणी व्हॉट्सॲपपासून सुरू होते, आणि पाठोपाठ पैसे पाठवणं येतं. ज्यांना आलेला फोन धड कापता येत नाही, त्यांच्या हातात आपण बँकेचं खातं देतो. मी आधी चार्जिंग आणि आवाज शिकवते, मग फोन उचलणं, लावणं, नंबर साठवणं, मेसेज, अलार्म आणि कॅमेरा. व्हॉट्सॲप त्यानंतर आणि पैसे अगदी शेवटी. एका बैठकीत एकच गोष्ट घ्यावी, अर्धा तास पुरतो. ती दोन-तीन दिवस आपली आपण वापरून झाली की मगच पुढची.

आधी फोन त्यांच्याजोगा करून घ्या

फोन तुमच्या हातात येण्याची वेळ सेटिंग्ज करून देण्यापुरतीच. तीही त्यांना शेजारी बसवून, काय करतोय ते सांगत.

सेटिंग्जमध्ये 'डिस्प्ले'मध्ये जाऊन अक्षरांचा आकार वाढवा. चष्मा काढून वाचता येईल एवढा मोठा करा. स्क्रीनवर कमी मजकूर मावला तरी चालेल. तिथेच स्क्रीन किती वेळानं बंद व्हावी हे असतं. नवीन फोनमध्ये ती साधारण अर्ध्या मिनिटात विझते आणि शिकणारा माणूस अजून चिन्हं शोधत असतो. दोन मिनिटं ठेवा. मराठी वाचता येत असेल तर भाषाही मराठी करून द्या. मात्र डायलवरचे आकडे बहुतेक वेळा इंग्रजीच दिसतात, त्यामुळे ज्यांना ते येत नाहीत त्यांना शून्य ते नऊ हे दहा आकडे वहीत मोठे काढून द्यावे लागतात. एसटीच्या आणि रिक्षाच्या नंबरप्लेटवर ते रोज दिसत असतात, त्यामुळे वाटतं त्यापेक्षा लवकर ओळखीचे होतात.

मग खालची तीन बटणं. नवे फोन बोट सरकवून चालवायचे असतात आणि खाली बटणंच नसतात. वयस्कर माणसाचा तिथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सेटिंग्जमध्ये 'नेव्हिगेशन' शोधून तीन बटणांचा पर्याय निवडा. 'मागे'चं बटण काही फोनमध्ये डावीकडे तर सॅमसंगमध्ये उजवीकडे असतं, पण होमचं बटण बहुतेक सगळीकडे मधलं असतं. म्हणून पहिला धडा एकाच वाक्याचा: कुठंही अडकलात, काहीही उघडलं, तर मधलं बटण दाबायचं. हे बटण त्यांच्याकडून मुद्दाम पुन्हा पुन्हा दाबून घ्या. कुठल्याही पानावरून घरी परत येता येतं एवढी खात्री पटली, की "काहीतरी बिघडेल" ही भीती निम्मी उतरते.

पहिल्या पानावर फोन, मेसेज, घड्याळ, कॅमेरा आणि पुढं लागणारं व्हॉट्सॲप एवढंच ठेवा. बाकी चिन्हं तिथून काढली तरी ॲप पुसलं जात नाही. सॅमसंगमध्ये 'ईझी मोड' आणि शाओमीत 'लाइट मोड' अशी सोय असते. त्यात चिन्हं आपोआप मोठी आणि मोजकी होतात.

हात थरथरत असतील किंवा नजर फार अधू असेल, तर टचफोनचा आग्रह धरू नका. बटणांचा फोन हा पूर्ण फोन आहे. त्यावर बोलता येतं, मेसेज वाचता येतो, टॉर्च लागते, रेडिओ ऐकता येतो. पाचच्या बटणावर बोटाला लागेल असा बारीक उंचवटा असतो. त्याच्या वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. न बघता नंबर लावणारे आजोबा मी पाहिलेत. घेताना फक्त तो ४जी आहे का ते विचारा, कारण काही कंपन्यांची सेवा जुन्या २जी फोनवर चालतच नाही.

रिचार्जचंही इथेच बघा. ज्यांना फक्त बोलायचंय त्यांच्यासाठी डेटा नसलेले, कॉल आणि एसएमएसपुरते पॅक ठेवणं ट्रायनं (फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं) डिसेंबर २०२४ च्या नियमानं कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. दुकानदार आपणहून ते दाखवेलच असं नाही, नाव घेऊन मागा. मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका.

बोट कसं लावायचं

टच लागत नाही ही तक्रार आमच्याकडे फार येते, आणि ती खरी असते. स्क्रीन दाबामुळे चालत नाही. कातडीतून वाहणारी अगदी सूक्ष्म वीज तिला जाणवते. त्यामुळे जोरानं दाबून उपयोग होत नाही, नखानं तर मुळीच नाही. उसाच्या आणि हळदीच्या शेतात राबलेल्या हातांची बोटं टणक, कोरडी, भेगाळलेली असतात, आणि अशा बोटांची नोंद स्क्रीन नीट घेत नाही. यात त्या माणसाची काही चूक नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. हात धुऊन पुसून, किंचित तेल किंवा क्रीम चोळून बसवा. बोटाच्या टोकाऐवजी मऊ गादी टेकवायला सांगा. एरवी कमी वापरातलं बोट, म्हणजे करंगळी किंवा डाव्या हाताचं मधलं, लावून बघा. पुष्कळदा तेच चालतं. स्क्रीनवर जाड काच चिकटवली असेल तर ती काढून पाहा. सॅमसंगच्या फोनमध्ये 'टच सेन्सिटिव्हिटी' वाढवण्याचं बटणही असतं.

हालचाली तीनच शिकवायच्या: टेकवून लगेच उचलणं, टेकवून धरून ठेवणं, आणि टेकवून सरकवणं. नवशिका माणूस बोट टेकवतो आणि घाबरून तसंच धरतो. फोनला वाटतं काही वेगळं हवंय, आणि भलतीच यादी उघडते. त्यासाठी सेटिंग्जमधल्या 'ॲक्सेसिबिलिटी'त 'टच अँड होल्ड'चा वेळ 'लाँग' करून ठेवा. या एका बदलानं कित्येक जणांचं अडणं थांबतं.

चार्जिंग आणि बाजूची बटणं

चार्जर आधी भिंतीत, मग पिन फोनमध्ये, मग बटण चालू. पिन शिरत नसेल तर जोर लावायचा नाही. जुन्या पिनला सुलटी-उलटी बाजू असते, नव्या टाइप-सी पिनला नसते. वरच्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्रात विजेची खूण दिसली तरच चार्जिंग चालू आहे, हे स्वतः बघायची सवय लावा. रात्रभर उशीखाली ठेवून चार्ज करणं मात्र बंद करा, फोन तापतो.

बाजूला एक लांबट बटण आवाजाचं आणि एक आखूड बटण स्क्रीन चालू-बंद करायचं. फोन वाजत असताना आवाजाचं बटण एकदा दाबलं की घंटा थांबते, पण फोन कटत नाही. देवळात, कीर्तनात किंवा मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसलेलं असताना याचा फार उपयोग होतो.

फोन उचलणं

हा भाग घाईनं उरकू नका. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, आलेला फोन उचलता आला पाहिजे.

स्क्रीन बंद असताना फोन आला तर हिरवं चिन्ह नुसतं टेकवून उचललं जात नाही. ते दाराच्या कडीसारखं सरकवावं लागतं, काही फोनमध्ये वर तर काहींत बाजूला. स्क्रीन चालू असताना आला तर वरच्या पट्टीत हिरवं आणि लाल अशी दोन बटणं येतात आणि तिथे नुसतं टेकवायचं असतं. एकाच कामाच्या या दोन रीती आहेत हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून "कधी उचलतो, कधी उचलत नाही" असं होतं. तुमच्या फोनवरून त्यांना फोन करा, आधी स्क्रीन विझलेली असताना, मग चालू असताना. हातात बसेपर्यंत करत राहा. सुरुवातीला घंटा बराच वेळ वाजू द्या. चार वेळा वाजून उचलला नाही की आपण कट करतो आणि त्यांची धांदल उडते.

मग फोन धरायचा कसा ते. ऐकण्याची फट वर असते, बोलण्याचं बारीक भोक खालच्या कडेला. तळहातानं ते झाकलं गेलं की पलीकडचा "हॅलो हॅलो" करत बसतो. फोन कानाला लावला की स्क्रीन काळी होते. ती गालानं बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून मुद्दाम विझते आणि कानापासून दूर नेली की परत उजळते. हे सांगितलेलं नसलं की माणूस "बंद पडला" म्हणून बाजूचं बटण दाबतो. ऐकू कमी येत असेल तर बोलत असतानाच आवाजाचं वरचं बटण दाबायचं, कारण बोलण्याचा आवाज आणि घंटेचा आवाज वेगवेगळे असतात. स्पीकरचं चिन्ह दाखवा, पण ते चालू असताना आसपासच्या सगळ्यांना ऐकू जातं हेही सांगा.

बोलून झालं की लाल बटण. ते दाबल्यावर स्क्रीनवरचं मिनिट-सेकंदाचं घड्याळ थांबलं का ते बघायला लावा. फोन न कापता टेबलावर ठेवला आणि घरातलं सगळं बोलणं पलीकडे गेलं, असं बऱ्याच घरांत होतं.

फोन लावणं आणि नंबर साठवणं

पहिल्यांदा नंबर आकडे दाबूनच लावू द्या. वहीत दहा आकडे तीन-तीन-चार असे तोडून लिहा, एकेक गट वाचून दाबायचा. चुकला तर बाजूच्या बाणानं एकच आकडा पुसता येतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. घरातल्या लँडलाइनचा नंबर मोबाइलवरून लावताना आधी शहराचा कोड घालायचा: सांगली-मिरजेला ०२३३, साताऱ्याला ०२१६२, कऱ्हाडला ०२१६४. आणि १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठलाही मोबाइल लावताना आधी शून्य लागतो. जुन्या फोनवरून लेकाला फोन लागत नाही म्हणणाऱ्यांना हा शून्य आठवून द्यावा लागतो.

साठवण्याची सोपी वाट अशी: ज्याचा नंबर हवा त्यालाच फोन करायला सांगा. बोलून झाल्यावर फोनच्या यादीत तो सगळ्यात वर दिसतो. त्यावर बोट टेकवून 'संपर्क जोडा', नाव घाला, 'सेव्ह'. नाव लिहिता येत नसेल तर कीबोर्डवरच्या माइकच्या चिन्हावर टेकवून बोललं तरी मराठीत उमटतं. दोन-तीन भाचे एकाच नावाचे असतील तर नावापुढं गाव लावा: तासगाव, विटा, जत. वाचता न येणाऱ्यांसाठी नावासोबत फोटो लावून द्या, आणि पहिल्या पानावर मुलगा, मुलगी, शेजारी यांच्या फोटोंची चिन्हं काढून ठेवा. फोटोला टेकवलं की थेट फोन लागतो. होमच्या पानावर मोकळ्या जागी बोट धरून ठेवलं की 'विजेट'ची यादी येते. तिथे संपर्काखाली ही 'डायरेक्ट डायल'ची सोय पुष्कळ फोनमध्ये सापडते. बटणांच्या फोनमध्ये स्पीड डायल असतं. दोनचं बटण दाबून धरलं की मुलाला, तीनचं धरलं की मुलीला.

११२ हा नंबर मात्र कुठेही साठवण्याआधी पाठ करून घ्या. पोलीस, आग, रुग्णवाहिका यांसाठी तो एकच आहे. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८ चालतोच. फोनला लॉक असला तरी त्या पानाच्या तळाशी 'आणीबाणी' लिहिलेलं असतं, तिथून ११२ लागतो. घरात एकट्या राहणाऱ्या आजींना हे एवढं जरी आलं, तरी शिकवणी वाया गेली नाही.

"फोनच येत नाहीत"

दुकानात जाण्याआधी त्यांनाच तपासायला शिकवा. स्क्रीनच्या वरून बोट खाली ओढलं की चौकोनांची पट्टी उतरते. तिच्यात विमानाचं चित्र उजळलेलं असेल तर रेंज बंद आहे, टेकवून विझवायचं. अर्धा चंद्र किंवा आडव्या रेघेचा गोल उजळलेला असेल तर फोन गप्प ठेवलेला आहे. मग आवाज बघायचा. मग कॅलेंडरवरची रिचार्जची तारीख. शेवटचा उपाय म्हणजे फोन बंद करून पुन्हा चालू करणं. बहुतेक बिघाड एवढ्यातच निघतात. ही पट्टी चुकून उतरते आणि चुकूनच काहीतरी दाबलं जातं, त्यामुळे तिची ओळख करून देणं हाच खरा बंदोबस्त.

मेसेज

लिहिण्यापेक्षा वाचणं महत्त्वाचं. पेन्शन जमा झाली, गॅसची नोंद झाली, कारखान्याचं ऊसबिल खात्यावर आलं, हे सगळं एसएमएसनं कळतं. पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीचं आखूड इंग्रजी नाव असतं आणि शेवटी रेघ मारून एक अक्षर. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. बँकेचा म्हणून आलेला मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आला असेल तर तो खोटा धरायचा. मेसेजमधल्या निळ्या अक्षरांच्या ओळीवर बोट टेकवायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी घालून द्या.

अलार्म, टॉर्च, कॅमेरा

हे शिकायला सगळ्यात आनंदाचं. बीपीच्या गोळीचा सकाळचा आणि रात्रीचा असे दोन अलार्म त्यांनी स्वतः लावले की फोन त्यांच्या कामाचा होतो. शेतीची वीज रात्रीच्या पाळीला असेल तर मोटार सुरू करायला उठण्यासाठीही तोच अलार्म. 'रोज'चा पर्याय निवडायचं विसरू नका.

कॅमेऱ्याचा फोटोपेक्षा मोठा उपयोग वाचायला होतो. औषधाच्या पट्टीवरची बारीक तारीख, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, हे कॅमेऱ्यातून बघायचं आणि दोन बोटं स्क्रीनवर ठेवून ताणायची, अक्षर मोठं होतं. मिरजेला दवाखान्यात जाण्याआधी जुन्या चिठ्ठ्यांचे आणि रिपोर्टचे फोटो काढून ठेवले की पिशवीभर कागद न्यावे लागत नाहीत. भिंग पदराला पुसायची सवय असतेच. फक्त ते मागच्या बाजूला असतं हे दाखवा.

पावसाळ्यासाठी वेगळी तयारी

कृष्णाकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला हवं. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना ठाऊक आहे, की पाण्याबरोबर पहिली वीज जाते. कोयनेतून विसर्ग वाढला आणि आयर्विन पुलाची पातळी चाळीस फुटांच्या इशाऱ्याकडे जायला लागली (पंचेचाळीस ही धोक्याची) की त्याच दिवशी फोन पूर्ण चार्ज करायचा. बॅटरी बचत चालू, स्क्रीनचा उजेड कमी, इंटरनेट बंद. रेंज कमी असताना फोन लागत नाही, पण एसएमएस पुष्कळदा जातो. म्हणून "आम्ही सुखरूप, अमुक ठिकाणी आहोत" एवढा मेसेज लिहायला शिकवून ठेवा, किंवा आधीच लिहून ठेवा, म्हणजे नुसता पाठवायचा राहील. फोन झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवला तरी वरून बोट लागतं. भिजलाच तर लगेच बंद करायचा, चार्जिंगला लावायचा नाही.

सरकारकडून धोक्याचा इशारा थेट स्क्रीनवर येतो, तेव्हा फोन गप्प ठेवला असला तरी मोठा भोंगा वाजू शकतो. २०२३ मध्ये देशभर त्याची चाचणी झाली तेव्हा कित्येक मोठी माणसं घाबरली होती. तो मेसेज वाचायचा आणि 'ओके' दाबायचं, एवढंच असतं. धरणाचे दरवाजे उघडल्याचे ऐकीव मेसेज मात्र जिल्हा प्रशासनाच्या माहितीशी जुळल्याशिवाय पुढं पाठवू नयेत.

व्हॉट्सॲप

इथवर आलेला माणूस हे लवकर शिकतो, त्यामुळे थोडक्यात. टायपिंगच्या मागं लागू नका; माइक दाबून धरायचा, बोलायचं, सोडायचं. आजीचा आवाज नातवालाही जास्त आवडतो. व्हिडिओ कॉलला फोन कानाला न लावता समोर, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा. सेटिंग्जमध्ये तीन गोष्टी तुम्ही करून द्या: फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद, अनोळखी लोकांना त्यांना कुठल्याही ग्रुपमध्ये घालता येऊ नये अशी सोय, आणि 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन.

लग्नसराईत एक फसवणूक जोरात असते. 'लग्नपत्रिका' म्हणून फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके अशी इंग्रजी तीन अक्षरं असतात. ती पत्रिका नसून ॲप असतं, ते उघडून बसवलं की तुमचे मेसेज आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात. दंडाच्या पावतीच्या किंवा शेतकरी योजनेच्या नावानंही तेच येतं. पत्रिका फोटोसारखी दिसली तर बघायची. 'इन्स्टॉल' असा शब्द दिसला की मधलं बटण दाबून बाहेर.

पैसे, अगदी शेवटी

पेन्शनचं किंवा ठेवींचं खातं यूपीआयला जोडू नका, असं मी सगळ्यांना आग्रहानं सांगते. लहान रकमेचं वेगळं खातं उघडा, त्यात भाजीपाल्यापुरते पैसे ठेवा आणि तेच जोडा. चूक झालीच तर तेवढ्यापुरतीच होईल.

पहिला व्यवहार घरातल्या घरात, एक रुपयाचा. कोड स्कॅन केला की पलीकडच्याचं नाव येतं, ते मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. नाव जुळलं तर रक्कम, मग पिन. पिन लागतो तो पैसे आपल्या खात्यातून जाताना. पैसे घ्यायला पिन लागत नाही. "तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका" असं कुणी म्हणालं तर तो चोर, हे त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घ्या. बटणांच्या फोनवालेही ०८०४५१६३६६६ या नंबरवर फोन करून यूपीआय १२३पे वापरू शकतात, इंटरनेट लागत नाही.

ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, मग तो बँकेचा साहेब असो की भाचा असल्याचं सांगणारा. अनोळखी कुणी फोनवर सांगितलं म्हणून तारा (*) आणि जाळीच्या (#) खुणा असलेला नंबर लावायचा नाही, त्यानं आपले फोन दुसरीकडे वळवले जाऊ शकतात. आणि पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करून "तुम्हाला डिजिटल अटक झाली" म्हणणारा आला, तर त्याला उत्तर न देता लाल बटण. फोनवरून अटक असा प्रकार कायद्यात नाही. शिकलेली, नोकरी केलेली माणसंही यात घाबरून पैसे भरतात, म्हणून घरच्यांनी त्यांना आधीच सांगून ठेवावं: असं काही झालं तर आम्हाला फोन कर, आम्ही रागावणार नाही. रागावण्याच्या भीतीनं लपवलं जातं आणि वेळ निघून जातो. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.

वहीतलं शेवटचं पान

सगळं शिकवताना एक वही त्यांच्याजवळ ठेवा, त्यांच्याच अक्षरात किंवा चित्रांत. शेवटच्या पानावर घरच्यांचे तीन नंबर लिहा, कारण फोन हरवला की एकही नंबर पाठ नसतो. मग डायलवर *#०६# दाबा. लगेच स्क्रीनवर पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, येतो, दोन सिमचा फोन असेल तर दोन. तोही उतरवून घ्या. पिन किंवा ओटीपी या वहीत कधी लिहू नका.

एसटी स्टँडवर किंवा बाजारात फोन गेला, तर आधी कंपनीला कळवून सिम बंद करायचं आणि बँकेला सांगायचं. मग पोलिसांत तक्रार द्यायची, त्याच नंबरचं दुसरं सिम घ्यायचं आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय टाकून फोन ब्लॉक करायचा. तेव्हा एक विनंती क्रमांक मिळतो, तो याच पानावर लिहून ठेवा. फोन सापडला तर पुन्हा सुरू करून घ्यायला तोच लागतो.